पाव मिलिग्रॅम

शनिवारी दुपारीच शटर ओढतो
आणि तोंडवळीच्या सुरूच्या बनातून
न्हानू तांडेलाच्या मांगराकडे जातो.
गोळ्या पोचवायला, असं घरी सांगतो.
खरं तर त्याच्या गडग्यालगतची रुई बघायला.

रुई कोणी लावत नाही.
बांधावरचं सगळं ओरपणारी म्हैस
तिला हुंगते आणि पुढे जाते.
पान खुडलं की दूध,
आणि दुधाबरोबर न्हानूची सून आतून ओरडते,
"डोळ्यांक हात लावू नको, डोळे जातले!"

त्याच पानाच्या पोटाला
काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा सुरवंट.
आधी मधली शीर कुरतडतो,
दूध गळून जाऊ देतो, घाई नाही,
माझा बाप आमटी ताटात पसरून
निवायची वाट बघायचा, तसा.
मग खातो.
उरलंसुरलं कडू अंगात मुरवत जातो.

कोषात म्हणे सगळं विरघळतं,
पाय, तोंड, पट्टे.
विष तेवढं शिल्लक पडतं
आणि पंखांत उतरतं:
नारिंगी, काळी किनार, टोकाला पांढरे ठिपके.
पुस्तकात त्याचं नाव बिबळ्या कडवा.
कडवा म्हटल्यावर न्हानूला वालच आठवतात.

न्हानू शनिवारी मारुतीसाठी रुईची माळ करतो.
शनिवार-रविवार त्याला गोळीची सुट्टी.
पाच दिवस रोज एक, दोन दिवस काही नाही,
डॉक्टरांनी लिहिलंय, मी पाकिटावर
ठळक अक्षरात पुन्हा लिहितो.
एकदा माळेबरोबर एक सुरवंटही देवळात गेला
आणि मारुतीच्या गळ्यात बसून
रात्रीत तीन पानं फस्त केली.
गुरवाने त्याला काढलं नाही.

"ह्या गोळयेत काय आसा रे?"
आज न्हानूने विचारलं.
बावीस वर्षं मी औषधं विकतोय,
हे विचारणारा पहिलाच.
म्हटलं, एका परक्या मुलखातल्या झाडाचं विष.
रुईच्या चिकातल्या विषाचं चुलत भावंड.
पाव मिलिग्रॅम. काळजाला दटावण्यापुरतं.
तो हसला. पुढचे दोनच दात उरलेत.
"मगे माका पण कोण खावचो नाय."

विहिरीपाशी, घोळीवर,
एक मादी अंडी घालत होती.
तेच नारिंगी, तीच किनार, तेच ठिपके,
पण अंगात काही नाही.
घोळ खाऊन वाढलेली, चवीला बरी.
माझ्या धंद्यात अशा मालाला नकली म्हणतात:
वेष्टन हुबेहूब, आत खडू.
मी तिची अंडी मोजली
आणि गप्प बसलो.

मग विजेच्या तारेवरून झेपावलं
कोतवालाचं यंदाचं पिल्लू,
शेपूट अजून पुरती दुभंगलेली नाही.
त्याने नेमका खराच धरला.
तारेवर आपटला एकदा.
थांबलं.
चोच पुसली तारेला, डावीकडून, उजवीकडून,
पुन्हा डावीकडून,
आणि टाकून दिलं तोंडातलं.
त्याच्या आईने हे त्याला सांगितलं नसणार.
सांगून कळतही नाही.

फुलपाखरू वाळूत पडलं.
एका पंखातून चोचीच्या मापाचा त्रिकोण गेलेला.

न्हानूची नाडी मोजायची वेळ झाली होती.
साठाच्या खाली गेली तर मला विचारल्याशिवाय
सोमवारची गोळी नाही, हे त्याला पाठ आहे.
दोन बोटं मनगटावर टेकवून
तो मासळी मोजतात तसा मोजतो,
एकाला एक न म्हणता:
लाभ, दोन, तीन, चार.
बोटांवर माळेचा चीक वाळून काळा पडलेला.
मी घड्याळ बघायचं, त्याने आकडे म्हणायचे,
पण बघत होतो दोघेही वाळूकडे.

चाळिसाला एक पाय हलला.
पंचावन्नला पंख उघडला, फाटका होता तोच.
"ता गेला बघ," न्हानू म्हणाला
आणि मोजणी चुकली.

पुन्हा धरलं मनगट.
लाभ.